आधी मुलगा ओळखीचा होऊ द्या

तुमची अडचण मला अशी समजली: सातवीचा वर्ग, मराठी माध्यम, हातात चार तास. ॲन फ्रँकच्या डायरीवरून होलोकॉस्ट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने केलेला ज्यूंचा संहार, शिकवायचा तुमचा विचार आहे. एका पालकांनी हरकत घेतली आहे की बारा वर्षांच्या पोरांना हे असलं कशाला. छळछावण्यांचे फोटो दाखवावेत का, शेवट सांगावा का, आणि ॲनच घ्यावी की दुसरं कुणी, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी चोवीस वर्षं इतिहास शिकवते आहे, पंधराएक वर्षं हा विषय सातवी ते नववीच्या वर्गांत घेतला आहे, आणि त्यात चुकाही केल्या आहेत. त्या अनुभवावरून लिहिते.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी "मुलांना कितपत भयानक सांगायचं?" ही काळजी आहे. ती रास्त आहे. पण माझ्या वर्गांत अडचण भलतीकडेच निघाली. बहुतेक मुलांना या विषयातली माणसं पहिल्यांदा भेटतात तीच मेलेली असतात. काटेरी तार, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, हाडांचे सापळे. ज्याला आपण कधी जिवंत ओळखलंच नाही त्याच्या मरणाचं बारा वर्षांच्या मुलाला काय वाटणार? ते घाबरतं किंवा शेजारच्याला कोपरखळी मारून हसतं, आणि दोन्ही वेळा त्या माणसाकडे बघायचं राहून जातं. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. चारातले तीन तास त्या मुलाच्या जगण्याला द्यायचे, आणि मरण थोडक्यात, पण खरं सांगायचं.

काही गोष्टी तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत, त्या आधी बोलते. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना मी हा विषय शिकवत नाही. फार तर शाळेतून काढलेल्या, लपून राहिलेल्या आणि वाचलेल्या एखाद्या मुलाची गोष्ट सांगते. सातवीला शेवट सांगता येतो, पण वर्गात नुकतंच कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर मी घटक दोन महिने पुढे ढकलते. वर्गात एखाद्या मुलाला त्याच्या धर्मावरून किंवा जातीवरून चिडवणं चालू असेल, तर आधी ते थांबवायचं. नाहीतर मुलं या घटकातून चिडवायचे नवे शब्द तेवढे उचलतात. आणि तास चाराऐवजी दोनच मिळत असतील तर शेवटाकडे जाऊच नका, ज्यूंवर घातलेल्या निर्बंधांपर्यंत थांबा आणि पुढचं नववीत येईल असं सांगा. घाईने सांगितलेला शेवट हा न सांगितलेल्या शेवटापेक्षा वाईट, असं माझं मत आहे.

आता ॲन, नेदरलँड्समध्ये घरच्यांबरोबर लपून राहिलेली ज्यू मुलगी. तिच्याविरुद्ध माझं काही नाही, नववीला मी तीच घेते. पण सातवीला दोन अडचणी येतात. एक म्हणजे ती मुलांपर्यंत पोस्टर होऊन पोचलेली असते. दुसरी जास्त महत्त्वाची. डायरी 12 जून 1942 ला, तिच्या तेराव्या वाढदिवसाला सुरू होते आणि 1 ऑगस्ट 1944 ला संपते. 4 ऑगस्टला पोलीस आले. वेस्टरबोर्क, ऑशविट्झ, बर्गन-बेल्सन या छावण्या, आणि 1945 च्या सुरुवातीला टायफसने आलेलं मरण, यातलं काहीच डायरीत नाही. त्यामुळे वर्ग शेवटच्या पानापाशी थांबतो आणि फळ्यावर माणसं मनातून चांगलीच असतात हे तिचं प्रसिद्ध वाक्य लिहून घटक संपवला जातो. ते वाक्य तिने 15 जुलै 1944 ला लिहिलं, पकडली जायच्या वीस दिवस आधी. छावणी तिने तोवर पाहिलेली नव्हती. पुढे काय झालं ते न सांगता त्या वाक्यावर थांबलो, तर आपल्याला बरं वाटावं म्हणून आपण तिला वापरल्यासारखं होतं.

ॲनच घ्यायची तुमची इच्छा असेल तर ती लेखिका म्हणून घ्या. मार्च 1944 मध्ये लंडनहून रेडिओवर डच मंत्र्याने आवाहन केलं होतं, की लोकांनी युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवावीत. ते ऐकून तिने आपलीच डायरी पुस्तकासाठी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. कुठे काटलं, कुठे वाढवलं. निबंध दुसऱ्यांदा लिहायचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हे फार लागतं.

सातवीसाठी मी घेते तो पेत्र गिंझ. चेक प्रदेशातल्या प्राग शहरातला मुलगा, जन्म 1 फेब्रुवारी 1928. मराठी मुलांच्या हाताला लागतील अशा दोन-तीन गोष्टी त्याच्या आयुष्यात आहेत, म्हणून.

पहिल्या तासाला मी नाव सांगत नाही, फळ्यावर फक्त एक चित्र लावते. पेन्सिलचं. पुढे अणकुचीदार, ओसाड डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे काळ्या आभाळात एक गोळा, त्यावर खंडांचे आकार. विचारते, हे कुठून दिसतंय? दोन मिनिटांत कुणीतरी ओरडतं, "बाई, चंद्रावरून! ती पृथ्वी आहे!" मग विचारते, माणूस चंद्रावर कधी गेला? 1969, हे कुणाला तरी ठाऊक असतंच. मग सांगते की हे चित्र त्याच्या पंचवीसएक वर्षं आधीचं आहे, आणि काढणाऱ्या मुलाला स्वतःच्या गावाच्या तटाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. एवढ्यावर वर्ग माझ्या हातात येतो. मुलांना आता तो मुलगा कोण हे हवं असतं, त्याचं काय झालं हे अजून त्यांच्या डोक्यातही नसतं.

मग घर. आई-वडील दोघंही एस्पेरांतो ही जगभाषा शिकणारे, त्या वेडातूनच त्यांची ओळख झालेली. धाकटी बहीण एवा. पेत्रला ज्यूल व्हर्नच्या धर्तीच्या साहसकथा लिहायचा नाद, स्वतः लिहायच्या, स्वतःच चित्रं काढायची आणि स्वतःच बांधणी करायची. आणि डायरी. ती सुरू होते सप्टेंबर 1941 मध्ये, ज्यूंनी कपड्यांवर पिवळा तारा शिवलाच पाहिजे हा हुकूम लागू झाला त्या दिवशी. तेरा वर्षांचा पेत्र काय लिहितो? आज धुकं आहे. ज्यूंना बिल्ला लावावा लागतोय. शाळेत जाताना मी एकोणसत्तर "शेरीफ" मोजले, आईला शंभराच्या वर दिसले. काउबॉयच्या गोष्टींतल्या शेरीफच्या छातीवरही तारा असतो, म्हणून शेरीफ.

ही नोंद मी माझ्या शब्दांत सांगते आणि थांबते. हसू येतं मुलांना, आणि यायला हवं, कारण तोही गंमतच करत होता. मग एखादी मुलगी विचारते, "पण बाई, त्याला राग नाही आला?" याचं उत्तर मी देत नाही. वहीत लिहायला सांगते: रस्त्यात तारे मोजत जाणाऱ्या मुलाच्या मनात काय चाललं असेल? या एका नोंदीवर मुलं अर्धा तास बोलतात.

दुसरा तास घरातल्या चौघांचा. फळ्यावर चार चौकोन काढा: वडील, आई, पेत्र, एवा. वडील ज्यू, आई ज्यू नव्हती. नाझींच्या कायद्याने अशा घरातल्या मुलांना चौदा वर्षं पूर्ण झाली की छावणीत पाठवलं जायचं. ज्यू नसलेल्या बायकोमुळे वडिलांना काही काळ मुभा होती. म्हणून ऑक्टोबर 1942 मध्ये चौदा वर्षांचा पेत्र एकटा गेला. एवा चौदाची झाल्यावर, मे 1944 मध्ये गेली. वडिलांना फेब्रुवारी 1945 मध्ये नेलं. आई घरीच राहिली. प्रत्येक चौकोनात तारीख लिहीत जा आणि प्रत्येक तारखेनंतर घरात उरलेली माणसं मोजायला लावा. एका टेबलावर जेवणाऱ्या चार माणसांसाठी चार वेगळे निकाल, हे फळ्यावर दिसलं की वंशवादी कायदा म्हणजे काय हे व्याख्या न सांगता कळतं. तुम्ही कुठल्या देवाला मानता हे त्या कायद्याला महत्त्वाचं नव्हतं. तुमचे आजी-आजोबा कोण होते, यावरून तुम्ही कोण ते ठरत होतं.

इथे आपल्या वर्गात कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे जातीसारखं?" घाबरू नका आणि वाक्य दाबू नका. मी म्हणते, जन्मावरून माणसाची किंमत ठरवणं, ही गोष्ट दोन्हीकडे आहे, तुला बरोबर दिसलं. मग फरकही सांगते: तिथे एका आधुनिक सरकारने कचेऱ्या, याद्या आणि रेल्वे कामाला लावून एक अख्खा समाज, तान्ह्या मुलांसकट, संपवायचं ठरवलं होतं. दोन दुःखं तराजूत घालायची नाहीत. एकावरून दुसरं ओळखता आलं तर अडवायचंही नाही.

निर्बंधांचा भागही याच तासाला येतो. सरकारी शाळांतून नाव कमी, ट्रामच्या फक्त शेवटच्या डब्यात बसायची परवानगी. हे सांगताना एक प्रश्न मुद्दाम विचारा: पुढच्या डब्यातली माणसं काय करत होती? मुलांना हिटलर आणि पेत्र एवढेच दोघं दिसत असतात. मधली लाखभर माणसं, रोज त्याच ट्रामने जाणारी, त्यांच्या लक्षात आलेली नसतात. माझ्या मते या वयाला त्या पुढच्या डब्याबद्दल बोलणं हे गॅस चेंबरच्या वर्णनापेक्षा कितीतरी गरजेचं आहे.

तिसरा तास माझा सगळ्यांत आवडता. तेरेझीन हे तटबंदीचं लहानसं गाव नाझींनी ज्यूंची वस्ती म्हणून कोंडवाड्यासारखं वापरलं. एकूण 1,40,000 च्या आसपास माणसं तिथे आणली गेली, त्यांतली सुमारे 33,000 भूक, आजार आणि दाटीवाटीने तिथेच मेली, आणि 88,000 च्या आसपास पुढे पूर्वेकडच्या मारण्याच्या छावण्यांकडे पाठवली गेली. मुलांना हे आकडे मी एकदाच सांगते. मग पेत्रच्या खोलीत नेते. एका जुन्या शाळेची इमारत, वर्गाच्या खोलीत तीन मजली फळ्यांचे पलंग, चाळीसएक मुलगे. शाळा घेण्यावर बंदी होती, म्हणून शिकवणी चोरून चालायची आणि एक मुलगा पहाऱ्याला उभा राहायचा. त्यांच्याबरोबर राहणारे वाल्टर आयसिंगर नावाचे तरुण शिक्षक होते. या मुलांनी आपल्या खोलीचं स्वतःचं गणराज्य जाहीर केलं आणि डिसेंबर 1942 पासून एक साप्ताहिक काढलं. नाव "वेदेम", म्हणजे "आम्ही पुढे". संपादक पेत्र गिंझ, वय चौदा.

आता तुम्ही मराठी शाळेत आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको. "वेदेम"ची दर आठवड्याला एकच प्रत निघायची. ती शुक्रवारी संध्याकाळी खोलीत मोठ्याने वाचली जायची. माझ्या वर्गातून लगेच आवाज येतो, "बाई, म्हणजे आपल्या हस्तलिखितासारखं!" अगदी तसंच. तुमच्या शाळेच्या कपाटातलं जुनं हस्तलिखित त्या दिवशी वर्गात घेऊन जा आणि मुलांच्या हातात द्या. एकच प्रत म्हणजे काय, ती हरवली तर काय, हे पान उलटताना कळतं. पेत्र लेख मिळवण्यासाठी मुलांच्या मागे लागायचा. कुणी देईना तेव्हा घरून आलेल्या पार्सलमधला खाऊ मोबदला म्हणून द्यायचा, आणि तरीही पानं भरली नाहीत तर टोपणनावांनी स्वतःच लिहायचा. हस्तलिखिताचं काम केलेल्या कुठल्याही मुलाला हा संपादक ओळखीचा वाटतो. गावात हिंडून त्याने बातमीदारीही केली: बेकरी, अग्निशामक दल, आणि स्मशानभट्टीसुद्धा. शेवटचा शब्द मी सातवीत उच्चारते, पण त्यावर थांबत नाही. विचारायचं ते मुलं विचारतात.

पेत्र महिन्याच्या महिन्याला दोन याद्याही करायचा. या महिन्यात काय काय केलं ती एक, पुढच्या महिन्यात काय करायचं ती दुसरी. वाचलेली पुस्तकं, लिनोलियमवर कोरलेली चित्रं, अभ्यासाचे विषय. या याद्या हे माझं या घटकातलं मुख्य साधन आहे. मुलांना गृहपाठ एवढाच: तुमची या महिन्याची "केलं" आणि पुढच्या महिन्याची "करायचं" अशी यादी लिहा. मी त्या तपासत नाही, गोळा करून परत देते. उपाशी आणि कोंडलेला मुलगा पुढच्या महिन्याची यादी करतो, याचा अर्थ मी समजावून सांगत बसत नाही. मुलं तो आपापल्या यादीशेजारी बसून लावतात.

आता शेवट. तुम्ही विचारलंत की सांगावा का. हो, सांगावा, आणि वाचून दाखवण्याऐवजी खुर्चीवर बसून सांगावा. मी साधारण इतकंच बोलते: "28 सप्टेंबर 1944 ला तेरेझीनहून एक गाडी ऑशविट्झला निघाली. पेत्र तिच्यात होता. एवा तोवर तेरेझीनला आलेली होती. गर्दीतून वाट काढत ती गाडीपाशी पोचली आणि खिडकीतून तिने त्याच्या हातात पाव दिला. मग पहारेकऱ्याने तिला हाकललं. ऑशविट्झला पोचल्यावर त्याला विषारी वायूच्या कोठडीत मारलं. तो सोळा वर्षांचा होता." यापुढे वर्णन नाही. कोठडी कशी होती, किती वेळ लागला, हे सातवीला सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर "ते तू मोठा झालास की आपण बोलू, पण ते खरं आहे" असं सांगते. तो "गेला", "हरवला", "देवाघरी गेला" असं मात्र कधीही म्हणत नाही. त्याला माणसांनी मारलं, हे वाक्य स्पष्ट असलं पाहिजे. आणि आकडा इथे सांगते, याच्या आधी नाही: सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे 15 लाख मुलं होती. तीन तास एका मुलाबरोबर काढल्यावर 15 लाख या शब्दाला वजन येतं.

हा तास दिवसाचा शेवटचा ठेवू नका, शनिवारीही नको, परीक्षेच्या आदल्या दिवशी तर नकोच. सांगून झाल्यावर निम्मा तास हातात हवा. वर्ग गप्प राहील, राहू द्या. कुणी रडलं तर "रडू नको" म्हणू नका. कुणी हसलं तरी ओरडू नका, बाराव्या वर्षी भीती कधी कधी हसण्यातून बाहेर पडते.

मग पुढची हकीकत सांगा, ती मुलांना हवी असते. एवा, वडील आणि आई तिघंही वाचले. "वेदेम"ची सुमारे आठशे पानं झ्देनेक तौसिग या मुलाने लपवून जपली. त्या खोलीतल्या मुलांपैकी सुटकेच्या दिवसापर्यंत तेरेझीनमध्ये राहिलेला तो एकटाच. आणि चंद्राचं ते चित्र: 2003 मध्ये इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन त्याची प्रत बरोबर घेऊन कोलंबिया यानातून गेले. त्यांची आई ऑशविट्झमधून वाचलेली होती. 1 फेब्रुवारी 2003 ला परतताना यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या सातांत कल्पना चावला होत्या. हे नाव आलं की वर्गात एक वेगळीच शांतता पसरते, कारण ते आपल्या मुलांचं नाव आहे. 1 फेब्रुवारी हा पेत्रचा वाढदिवस, तो असता तर त्या दिवशी पंचाहत्तर वर्षांचा झाला असता. त्या बातम्यांमुळे प्रागमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं की आपल्याकडे सापडलेल्या जुन्या वह्या याच मुलाच्या असाव्यात. पहिल्या तासाला जी शेरीफची नोंद आपण वाचली, ती अशी साठ वर्षांनी हाती आली. या योगायोगात "चमत्कार" शोधू नका, मुलांनाही शोधू देऊ नका. पेत्रचा खून त्याने भरून निघत नाही.

फोटोंबद्दल माझा नियम साधा आहे: नववीच्या आधी प्रेतांचे फोटो नाहीत. भीती हे एक कारण झालंच. पण त्या फोटोंतल्या माणसांना कुणी विचारलेलं नव्हतं, आणि त्या काळातले बरेच फोटो मारणाऱ्यांनीच काढलेले आहेत. पेत्रचं हस्ताक्षर, त्याचं चित्र, बहिणीबरोबरचा फोटो एवढं पुरतं. हरकत घेणाऱ्या पालकांना हेच सांगा आणि चार तासांचं टिपण त्यांच्या हातात द्या. भयानक काही दाखवणार नाही पण खोटंही सांगणार नाही, हे ऐकल्यावर माझ्याकडचे बहुतेक पालक शांत झाले आहेत. एका आजोबांनी तर चौथ्या तासाला वर्गात बसायची परवानगी मागितली होती.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते: नाट्यीकरण करू नका. बरीच वर्षं झाली, एका शाळेत आठवीला मी चिठ्ठ्या काढून निम्म्या वर्गाला पिवळे तारे लावले होते. "दिवसभर मागच्या बाकावर बसायचं, आधी इतरांनी पाणी प्यायचं." मला वाटलं, अनुभवातून कळेल. मधल्या सुट्टीपर्यंत तारा नसलेली मुलं हुकूम सोडायला लागली होती आणि त्यांना त्यात मजा येत होती. वाडीतून येणारी एक मुलगी होती, तिच्या चिठ्ठीत तारा निघाला होता. तिने तो काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, मी आज घरी जाऊ का?" वेगळं बसवणं काय असतं ते तिला चिठ्ठी काढून शिकवायची गरज नव्हती, आणि हे मला त्या सकाळीच सुचायला हवं होतं. त्यानंतर मी कधीही मुलांना कुणाची भूमिका दिली नाही, छळणाऱ्याची नाही आणि छळ सोसणाऱ्याचीही नाही. "तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?" हा प्रश्नही मी सोडून दिला. वर्गातला प्रत्येक जण शूरच असतो, उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडे काही प्रश्न हमखास येतात, त्यांची तयारी ठेवा. "ज्यू म्हणजे कोण?" हा घटकाच्या आधीच घ्या, म्हणजे ज्यू हा शब्द मुलांना प्रथम छळाबरोबर भेटणार नाही. कोकणातले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून "शनिवार तेली" म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे. अलिबागची इस्रायल आळी, पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. मुलांनी हे पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं.

"आपलं स्वस्तिक आणि त्यांचं?" दारात रोज रांगोळी पाहणाऱ्या मुलाला हा प्रश्न छळतो. सरळ सांगा: आपलं चिन्ह फार जुनं आणि मंगल आहे. नाझी पक्षाने तसंच चिन्ह 1920 मध्ये आपल्या झेंड्यावर घेतलं आणि त्याला ते आकड्याचा क्रूस म्हणत. तुझ्या आजीने काढलेल्या रांगोळीत काही चूक नाही, पण छावणीतून वाचलेल्या माणसाला ती आकृती पाहून काय आठवेल तेही ध्यानात ठेव.

"पण हिटलरने जर्मनी उभी केली ना?" हा प्रश्न बहुतेक वेळा घरातून आलेला असतो. रागावू नका. "कुणासाठी?" एवढं विचारा आणि फळ्यावरच्या चार चौकोनांकडे बोट दाखवा. "नेताजी त्याला भेटले होते" हेही येतं. भेटले होते, मे 1942 मध्ये, इंग्रजांच्या शत्रूकडून स्वातंत्र्यासाठी मदत मिळते का बघायला, आणि हाती फारसं काही लागलं नाही. त्याच महिन्यात पेत्र प्रागमध्ये डायरी लिहीत होता. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगा.

"ते पळून का नाही गेले?" याला माझं उत्तर आकाशवाणीच्या त्या जुन्या, ओळखीच्या धूनने सुरू होतं. मोबाइलवर ती वाजवते. ती रचणारे वाल्टर काउफमन चेक प्रदेशात जन्मलेले ज्यू संगीतकार, 1934 मध्ये मुंबईला आले. ज्यांना वेळेत बाहेर पडता आलं आणि कुणीतरी दार उघडलं, ते वाचले. पुढे देशोदेशींची दारं बंद होत गेली. ॲन फ्रँकचे वडील अमेरिकेचा व्हिसा मिळवायला धडपडले, मिळाला नाही. पळून जायला कुठेतरी पोचावं लागतं, हे वाक्य मुलं लक्षात ठेवतात.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीबद्दलही कुणीतरी बोलेल, विशेषतः तुम्ही त्या बाजूचे असाल तर. 1943 ते 1948 मध्ये तिथे सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, आणि ती आपल्याला अभिमान वाटावा अशी हकीकत आहे. पण ती माणसं बहुतेक कॅथलिक होती आणि सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली होती. तिची होलोकॉस्टशी सरमिसळ करू नका, वेगळा तास द्या.

थोडक्यात तुमचा आठवडा असा: आधी पंधरा मिनिटं "ज्यू कोण". मग पहिला तास चित्र आणि शेरीफ, दुसरा चार चौकोन, तिसरा हस्तलिखित आणि याद्या, चौथा शेवट आणि प्रश्न. चौथ्या तासाच्या वेळी तिसऱ्या तासाचं हस्तलिखित टेबलावरच असू द्या. बोलून झाल्यावर मुलं ते पुन्हा चाळायला येतात.

आणि चित्राबद्दल: रंगीत प्रिंट लागत नाही, मूळ पेन्सिलचंच आहे, काळीपांढरी झेरॉक्स चालते. फक्त ए-थ्री आकारात काढून घ्या, म्हणजे त्या गोळ्यावरचे खंड शेवटच्या बाकावरूनही दिसतील.